झूलॉजीनंतर आर्किऑलॉजी की अँथ्रोपॉलॉजी? हाडांवर काम करायचंय

खाडीकाठ_सीवूड्स
नमस्कार सगळ्यांना. मी सीवूड्सला राहते, झूलॉजीत बीएससी करतेय, शेवटचं वर्ष. मला उत्खननात सापडणाऱ्या माणसांच्या हाडांवर आणि दातांवर काम करायचंय, ती माणसं काय खायची, लहानपणी आजारी पडली होती का, कशाने गेली, हे सगळं. कॉलेजात सांगाडे शिकताना गोडी लागली, मग इनामगावबद्दल वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. आता प्रश्न असा की डेक्कन कॉलेजला आर्किऑलॉजीचं एमए करू की पुणे विद्यापीठात अँथ्रोपॉलॉजीचं (मानवशास्त्राचं) एमएससी? दोन्हीकडच्या लोकांशी बोलले, जो तो आपलंच चांगलं म्हणतो. आईबाबांचं म्हणणं डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कर, वाशीत कुठल्याही लॅबमध्ये चिकटशील. पीएचडीपर्यंत जायची माझी तयारी आहे. आणि पुण्याला जाईपर्यंत इथे नवी मुंबईत राहून काही सुरू करता येईल का?

चौथा_थर
अगं आधी आर्किऑलॉजी कर असं माझं स्पष्ट मत. (मी ठाण्याचा, एमए पुण्यातून केलं, आता पीएचडी चालू आहे.) तू इनामगावचं नाव काढलंस म्हणून त्यावरूनच सांगतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठची ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००, आणि १९६८ ते १९८३ असं तिथे खोदकाम झालं. तिथे लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे, मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. आता यातलं नुसतं हाड तुझ्या टेबलावर आणून ठेवलं तर तुला कळेल की हे दोन वर्षांचं मूल होतं, पण ते घराच्या आत पुरलं होतं, कुठल्या थरात होतं, मडकं जोर्वे पद्धतीचं (त्या काळातली रंगवलेली तांबडी भांडी) होतं का, हे फक्त खोदणाऱ्याच्या वहीत असतं. ती वही नीट लिहिली गेली नसेल तर तुझी मेहनत निम्मी वाया. म्हणून ट्रेंचमध्ये (उत्खननाच्या खड्ड्यात) बसून शिकायला पाहिजे. सांगाडा दिसला की कुदळ बाजूला, बांबूच्या काड्या आणि ब्रश, जागेवरच ड्रॉइंग, स्केल आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून फोटो, मग एकेक हाड वेगळं पिशवीत, लेबल एक आत एक बाहेर, त्यावर साइट, ट्रेंच, थर, खोली, तारीख. कंटाळवाणं वाटेल पण सगळा जीव त्यातच आहे.

आणि दातांचं म्हणशील तर तुझ्या झूलॉजीचा थेट उपयोग आहे. एनॅमल एकदा तयार झालं की परत भरून येत नाही, त्यामुळे लहानपणी उपासमार किंवा मोठं आजारपण झालं की दातावर आडवी रेघ राहते ती जन्मभर. इनामगाव खोदणाऱ्यांपैकी ढवळीकर सरांनी मांडलं होतं की इ.स.पू. १००० च्या सुमाराला पाऊस कमी झाला आणि इनामगावची शेती खालावली. असला मुद्दा खापरांवरून अर्धाच तपासता येतो, दातांवरून पुढे नेता येतो. लुकाच आणि वाळिंबे यांनी तिथल्या सांगाड्यांवर काम केलंय, ते आधी वाच.

नागपूरहून_ऐरोली
मी अँथ्रोपॉलॉजीवाली, वरच्या दादांशी अर्धी सहमत. थर, नोंदी सगळं मान्य, पण हाड मोजायचं कसं, वय-लिंग कशावरून ठरवायचं, जिवंत लोकसंख्येत किती फरक असतो, स्टॅटिस्टिक्स, जेनेटिक्स, हे पद्धतशीर अँथ्रोपॉलॉजीतच शिकवतात. आजच्या माणसांची मापं घेतल्याशिवाय तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल बोलायचं कशाच्या जोरावर? आणि ही भांडणं नंतरची आहेत हो, इरावती कर्वेंनी बर्लिनला कवट्यांवर पीएचडी केली आणि पुढे डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वज्ञ सांकलियांसोबत गुजरातेत लांघणजच्या सांगाड्यांवर काम केलं.

पोटापाण्याचं आईबाबांना असं सांग: नेटला (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची परीक्षा) दोन्ही विषयांचे पेपर वेगळे आहेत, म्हणून एमए/एमएससीचा विषय विचार करून निवड. त्यातून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,०००, म्हणजे पीएचडी करताना घरी हात पसरावा लागत नाही. अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हेचं केंद्र नागपूरला आहे, फॉरेन्सिकमध्ये जाता येतं, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था घेतात. कायमस्वरूपी जागा मात्र दोन्हीकडे कमी निघतात, हे घरच्यांपासून लपवू नकोस.

खाडीकाठ_सीवूड्स
खूप खूप आभार दोघांचे! अजून एक, एन्शंट डीएनएवर (जुन्या हाडांतल्या डीएनएवर) पीएचडी घेता येईल का? हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीमुळे सगळीकडे तेच ऐकू येतं.

चौथा_थर
राखीगढीचा २०१९ चा पेपर नीट वाच, ६१ नमुने तपासले तेव्हा एका बाईचा उपयोगी डीएनए मिळाला. आपल्या उष्ण हवेत तो फारसा टिकत नाही. कोकणात तर जांभ्याची आंबट माती हाडच खाऊन टाकते. त्यामुळे नुसत्या डीएनएच्या भरवशावर विषय घेऊ नकोस, तीन वर्षांनी हातात शून्य नमुने असतील तर गाईड तरी काय करणार. दात आणि प्राण्यांची हाडं हे पक्कं काम.

दिवाळे_बंदर
मी या क्षेत्रातली नाही पण मुलगा डेक्कन कॉलेजात प्राण्यांच्या हाडांवर शिकतोय म्हणून लिहिते. पोरी तू सीवूड्सला राहतेस म्हणजे दिवाळे तुझ्या दारात. माझा मुलगा इथूनच सुरू झाला. त्यांना जुनं हाड ओळखायला आजच्या माशाचं हाड समोर लागतं, तसा संग्रह स्वतःचा असेल तर फार किंमत असते म्हणे. बाजारात ये, घोळ आणि ढोमीची डोकी माग, आम्ही वेगळी ठेवू. त्यांच्या डोक्यात पांढरा दगड असतो बघ, त्यावर वलयं असतात आणि त्यावरून माशाचं वय कळतं. कालवं, तिसऱ्यांच्या शिंपा पण ठेव, किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांत त्याच ढिगाने सापडतात.

चौथा_थर
काकी हे भारी सांगितलंत, याच्याइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. शिवाय मुंबई विद्यापीठात कालिनाला आर्किऑलॉजीचे पार्ट-टाइम कोर्स असतात, त्याची चौकशी कर. फक्त जुन्या जागी फिरताना स्वतः काही उकरू नकोस, उचलू पण नकोस. फोटो आणि लोकेशन घे, बस.

खाडीकाठ_सीवूड्स
काकी रविवारी सकाळी येते! ती डोकी साफ कशी करायची पण? ब्लीचमध्ये टाकू का?

चौथा_थर
ब्लीच अजिबात नको, हाड भुसभुशीत होतं. आधी ते दगड काढून वेगळ्या डबीत ठेव, डावा-उजवा लिहून. मग पाण्यात थोडी कपड्यांची पावडर घालून मंद आचेवर, उकळी फुटू द्यायची नाही. जुन्या टूथब्रशने घास, सावलीत वाळव, आणि माशाचं नाव, लांबी, वजन, कुठल्या बंदरावरून आणला आणि तारीख हे त्याच दिवशी लिहून टाक. लांबी-वजन डोकं कापायच्या आधी घ्यावं लागतं, म्हणून काकींना आदल्या दिवशीच सांगून ठेव.