मदत हवी आहे : हँडहेल्ड स्कॅनरमध्ये चॅनेल कसे लावू?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आहे, आता हातातल्या रेडिओ स्कॅनरची मेमरी नीट आखून भरायची आहे. पोलीस, नौदल वगैरे काही ऐकायचं नाही, तो विषय कृपया नको.

मेमरीच्या पहिल्या बँकेत (चॅनेलच्या गटात) २ मीटरचा हॅम बँड, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधले आपले नेहमीचे चॅनेल टाकतोय. तिथे अडचण नाही.

खरा प्रश्न उपग्रहांचा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १४५.८०० वर एफएममध्ये येतं. डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सीत फरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपासच पडतो, म्हणून एक चॅनेल पुरेल असं वाटतं. पण एसओ-५० या हॅम उपग्रहाचा डाउनलिंक (खाली येणारा सिग्नल) ४३६.७९५, आणि तिथे फरक १० किलोहर्ट्झपर्यंत जातो. म्हणून ४३६.८०५ पासून ४३६.७८५ पर्यंत ५ किलोहर्ट्झच्या अंतराने पाच चॅनेल करायचा विचार आहे. उपग्रह जवळ येताना वरचा, लांब जाताना खालचा. हे पाच स्कॅनवर सोडावेत, की स्कॅनमधून वगळून हातानेच बदलावेत? मला हातानेच बरं वाटतं, कारण शेजारच्या चॅनेलवरही आवाज थोडा झिरपतो आणि स्कॅन चुकीच्या जागी अडकतो. शिवाय पास (उपग्रहाची डोक्यावरून एक फेरी) जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा, त्यात आमच्याकडे डोंगर आडवे!

फोंडा, सांगे, सत्तरी भागात कुणी उपग्रह ऐकत असेल तर स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा ठेवता का, तेही सांगा. आणि अँटेना साधी व्हिप (सरळ काडीसारखी) चालेल, की हातात धरायची यागी (एका दिशेला रोखायची) करूच?