मूडलचा डेटाबेस फुगत चालला आहे: काय काढावे, काय ठेवावे?

प्रश्न: आमच्या मूडलचा (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली) मारियाडीबी डेटाबेस झपाट्याने वाढत असून बॅकअपला फार वेळ लागतो. विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या मोठ्या फाइल्स हे याचे कारण असेल का?

उत्तर १: नाही. मूडल फाइल्स मूडलडेटा या फोल्डरमध्ये ठेवते. डेटाबेसमध्ये त्यांची केवळ माहिती आणि आशयावरून काढलेला हॅश (फाइल ओळखण्याचा सांकेतिक आकडा) असतो. बहुधा लॉगचे टेबल वाढले असावे, कारण प्रत्येक पान उघडल्याची नोंद त्यात होते आणि मूळ सेटिंगनुसार ती कधीच पुसली जात नाही. स्टँडर्ड लॉगच्या सेटिंगमध्ये नोंदी किती दिवस ठेवायच्या याची मुदत ठरवा. त्यानंतर क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारे काम) जुन्या नोंदी काढत राहील.

उत्तर २: एक भर घालतो. नोंदी पुसल्या तरी इनोडीबी (मारियाडीबीची साठवण यंत्रणा) डिस्कवरील जागा आपोआप परत करत नाही. त्यासाठी ऑप्टिमाइझ टेबल ही आज्ञा चालवावी लागते, आणि ते काम वर्दळ कमी असतानाच करावे.

उत्तर ३: मुदत ठरवण्यापूर्वी शिक्षकांना अवश्य विचारा. गुण वेगळ्या टेबलांत असल्यामुळे ते सुरक्षित राहतात, परंतु एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेच्या वेळेबाबत तक्रार केल्यास त्याची बाजू तपासायला हाच लॉग उपयोगी पडतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आधी टेबलांचे आकार तपासतो.