म्हाताऱ्या आईवडिलांसाठी रो हाऊस की एका पातळीवरचा फ्लॅट? म्हसरूळकरांना उत्तर

आनंदवलीकर

नाशिकमध्ये गोविंदनगरचा फ्लॅट घ्यावा की म्हसरूळचे रो हाऊस, असे ‘निफाडची लेक’ यांनी येथे विचारले होते. त्यावर म्हसरूळकरांनी दिलेले उत्तर वाचून गप्प बसवेना. ज्या घराला स्वतःची जमीन आणि स्वतःची गच्ची नाही त्याला घर म्हणू नये, आणि म्हाताऱ्या माणसांना चौथ्या मजल्यावर नेणे म्हणजे त्यांना कोंडून घालणे, असे त्यांनी ठामपणे लिहिले आहे. विचारणाऱ्या ताईंच्या घरी सासूसासरे आहेत, सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, मुले शाळेत जातात आणि दोन्ही घरांच्या किमतीत फारसा फरक नाही. म्हणजे निवड करायची आहे ती रचनेची, आणि रचनेविषयी म्हसरूळकरांनी अवाक्षरही काढलेले नाही.

ते रो हाऊस असे आहे: तळमजल्यावर बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि जिन्याखाली एक शौचालय, पहिल्या मजल्यावर दोन झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर, त्यावर एक खोली व गच्ची. फ्लॅटमध्ये तिन्ही खोल्या आणि दोन न्हाणीघरे एकाच पातळीवर आहेत, आणि इमारतीला लिफ्ट आहे. मग सासूबाई रात्री झोपणार कुठे, हे आधी सांगा. वर झोपणार असतील, तर राष्ट्रीय इमारत संहितेने निवासी जिन्याला दिलेली पायरीची कमाल उंची १९० मिलिमीटर आहे, म्हणजे तीन मीटर चढायला १६ पायऱ्या आल्या. दोन मजली रो हाऊसच्या जिन्याला तीच संहिता ७५० मिलिमीटर रुंदी पुरेशी मानते, आणि एवढ्या रुंदीत एका माणसाला दुसऱ्याला दंडाला धरून शेजारी शेजारी उतरवता येत नाही. खाली झोपणार असतील, तर त्यांची खाट बैठकीच्या खोलीत येणार, पाहुणे त्यांच्या उशाशी बसणार आणि अंघोळीसाठी त्यांना तरीही वर जावे लागणार. यात मोकळेपणा कोणता?

माझ्या सासऱ्यांच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा आम्ही अशाच रो हाऊसमध्ये राहत होतो. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना, म्हणून शेजारच्या दोन मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची तिरपी धरून खाली आणले. त्या वेळचा त्यांचा आवाज मी विसरलेले नाही. स्वतःच्या जमिनीचा महिमा मला कोणी सांगू नये.

म्हसरूळकर

आनंदवलीकर ताई, आपल्या सासऱ्यांना जे सोसावे लागले त्याबद्दल मनापासून वाईट वाटते. परंतु एका अपघातावरून आपण सगळ्या रो हाऊसना दोषी ठरवत आहात. आता माझ्या आईविषयी ऐका. ती आमच्याकडे असताना सकाळी दारासमोरच्या पायरीवर बसून भाजी निवडायची. मेथी कोणत्या गाडीवरची घ्यायची, कोणाच्या सुनेला दिवस गेले आहेत, कोणाचा मुलगा रात्री उशिरा येतो, हे सारे तिला ठाऊक असायचे. पुढे ती धाकट्या भावाकडे इंदिरानगरला पाचव्या मजल्यावर राहायला गेली. घर उत्तम होते, न्हाणीघर प्रशस्त होते, दांड्या बसवलेल्या होत्या. पण लिफ्टचे दार अंगावर मिटेल अशी तिला धास्ती वाटे, आणि अवकाळी पावसात वीज गेली की तो विषयच संपत असे. ती खाली उतरली ती दवाखान्यात जाण्यापुरती. शेजारणीचे नावही तिला शेवटपर्यंत कळले नाही.

वृद्ध माणसाला न्हाणीघर लागते तसा शेजारही लागतो, हे आपल्या मिलिमीटरच्या हिशेबात कुठेच बसत नाही. शिवाय जमीन ही जमीनच असते. फ्लॅटची इमारत चाळीस वर्षांनी जुनी होईल, रो हाऊसवर मात्र मुलांसाठी आणखी एक मजला चढवता येईल.

दस्त आणि दाखले

शेवटच्या वाक्यासाठी थांबावे लागत आहे, कारण याच समजुतीपायी नाशिकमध्ये अनेकांची फसगत होते. रो हाऊस म्हणजे स्वतंत्र प्लॉट असे गृहीत धरू नका. आपल्याकडे अनेक रो हाऊस एकाच बिगरशेती प्लॉटवर बांधलेली असतात आणि १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली त्यांचे घोषणापत्र नोंदवलेले असते. अशा वेळी आपल्या नावावर येते ते घर आणि जमिनीतील अविभक्त हिस्सा. तेथे मजला चढवायचा तर शिल्लक चटईक्षेत्र, म्हणजे अजून बांधकामाची मुभा, आहे का आणि इतर मालकांची संमती मिळते का, हे दोन्ही पाहावे लागते. सिडकोच्या योजनांतील घरांची जमीन तर मुळात भाडेपट्ट्याने दिलेली होती. आधी मिळकतपत्रिका किंवा सातबारा पाहावा, घोषणापत्र वाचावे आणि मगच जमिनीविषयी बोलावे. फ्लॅटवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी देणारा दस्त, झालेले नसेल तर इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्याच नावावर असते.

तिवंधाकर

आपण सगळे दोन वाईट घरांतून एक निवडत आहात. आमच्या जुन्या वाड्यात ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर सलग होते. आजी माजघरात झोपे. तेथून तिला चूलही दिसे आणि दारात आलेला माणूसही दिसे. वरचा मजला तरुण माणसांचा आणि धान्याचा होता. जिना इतका उभा होता की दोर धरून चढावे लागे, पण म्हाताऱ्या माणसाला तो चढायची वेळच येत नसे. आज त्या वाड्याचे सात वाटेकरी आहेत, एक भाडेकरू खोली सोडत नाही, आणि दर पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस भिंतीवर लागते. दुरुस्तीला सह्या कोणी करत नाही. भाऊबंदकीने वाडे पाडले. पावसाला उगाच बोल लावला जातो.

आनंदवलीकर

तिवंधाकर काका, वाटणीचे दुःख मी समजू शकते, पण आपल्या पहिल्या चार वाक्यांत माझाच मुद्दा आहे. झोपण्याची जागा, चूल आणि दार एका पातळीवर असावे, एवढेच मी म्हणत आहे. ते आज रो हाऊसमध्ये मिळत नाही, फ्लॅटमध्ये मिळते.

पाथर्डी फाटा

फ्लॅटमध्ये सगळे मिळते, गच्ची तेवढी मिळत नाही. आमच्या सोसायटीने गच्चीला कुलूप लावले असून किल्ली सचिवांच्या घरी असते. चैत्रात कुरडया घालायच्या होत्या. गहू तीन दिवस भिजवून वाटले, चीक गाळून निवळत ठेवला, पहाटे उठून शिजवला, आणि किल्ली मागायला गेले तर साहेब फिरायला गेलेले. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून पडतो. निवला की घट्ट होतो आणि मग कितीही जोर लावला तरी सोऱ्या फिरत नाही. सगळा घाणा वाया गेला. स्वतःच्या गच्चीचे मोल म्हसरूळकरांना कळते, आनंदवलीकरांना कळत नाही.

सोसायटी सचिव, अशोका मार्ग

मी आपल्या सोसायटीचा सचिव नाही, तरी सगळ्या सचिवांच्या वतीने बोलतो. गच्चीला कुलूप आम्ही हौसेने लावत नाही. वाळवणावर ठेवायला लोक विटा आणि फरशीचे तुकडे वर नेतात, जलरोधक थराला चिरा पडतात आणि पावसाळ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घराचे छत गळते. त्याचा खर्च वाळवण घालणारी मंडळी देत नाहीत. तो सगळ्यांच्या देखभाल वर्गणीतून जातो. मुले कठड्यावर चढतात ते वेगळेच. उद्या काही विपरीत घडले तर जाब कोणाला विचारणार?

पाथर्डी फाटा

विटा कोणी नेल्या? आम्ही जुन्या साड्या पसरतो आणि कडेला तांब्या-पातेली ठेवतो. बाईमाणूस वर गेले की गच्ची गळते, आणि त्याच गच्चीवर आपल्या कोजागरीला मांडव पडतो, खुर्च्या ओढल्या जातात, तेव्हा ती गळत नाही! आपण एकदा तरी पहाटे उठून चीक शिजवला आहे का?

सोसायटी सचिव, अशोका मार्ग

वैयक्तिक बोलण्याचे कारण नव्हते. विनावेतन काम करणाऱ्या माणसाला वर ही बोलणी ऐकावी लागतात, म्हणूनच समितीवर यायला कोणी तयार होत नाही.

दस्त आणि दाखले

कायद्यापुरते सांगतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात सामाईक क्षेत्रांच्या व्याख्येत गच्चीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती सगळ्या सदनिकाधारकांची आहे. सचिवांना तिच्या वापराची शिस्त लावता येईल, वापर बंद करता येणार नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून वाळवणाच्या दिवसांत सकाळी किल्ली रखवालदाराकडे ठेवावी, एवढाच हा प्रश्न आहे.

म्हसरूळकर

म्हणजे एका कुरडईसाठी सर्वसाधारण सभा बोलवायची, सूचना काढायची आणि ठराव करायचा. माझ्या गच्चीवर मला कोणाची परवानगी लागत नाही. घराचा अर्थ हाच आहे आणि मी पहिल्यापासून तेच सांगत आहे.

स्थापत्य, सातपूर

म्हसरूळकर साहेब, आपल्या गच्चीवर परवानगी लागत नाही, पण पाय लागतात. या रो हाऊसमध्ये चूल तळमजल्यावर आणि गच्ची दोन मजले वर आहे. पाथर्डीच्या ताईंनीच सांगितले की चीक निवण्याआधी सोऱ्यात गेला पाहिजे. उकळत्या चिकाचे पातेले घेऊन अरुंद जिन्याने ३२ पायऱ्या कोण चढणार? फ्लॅटमध्ये तेच पातेले लिफ्टने शेवटच्या मजल्यापर्यंत जाते आणि पुढे एकच जिना उरतो. ज्यांच्यासाठी आपण गच्चीचे कौतुक करत आहोत त्या सासूबाई त्या गच्चीवर पोहोचणारच नाहीत.

आणखी दोन गोष्टी आहेत. संहितेच्या मोजमापांनी दोन टप्प्यांचा जिना काढला तरी तो प्रत्येक मजल्यावर सुमारे ४० चौरस फूट जागा खातो, आणि हे क्षेत्र घराच्या आतलेच असल्याने आपण त्याचे पैसे मोजतो. त्यामुळे जाहिरातीतील आकड्यांची तुलना न करता प्रत्यक्ष वापरायच्या खोल्यांची लांबी-रुंदी टेप लावून पाहावी. दुसरे असे की, मधल्या रो हाऊसच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात. उजेड आणि वारा फक्त पुढून व मागून येतो, आणि घराच्या पोटात, नेमक्या जिन्यापाशी, दिवसाही दिवा लावावा लागतो. म्हाताऱ्या माणसाचा पाय चुकतो तो अशाच ठिकाणी.

घारपुरे घाट

तळमजल्याचे गोडवे गाणाऱ्यांनी पूररेषेचाही नकाशा पाहावा. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरीचे पाणी कुठवर आले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून पाणी गेले की आमच्याकडे तळमजल्यावरची माणसे वर हलवावी लागतात.

म्हसरूळकर

म्हसरूळचे ते घर नदीपासून दूर आहे, तेव्हा दुतोंड्या मारुतीला मध्ये आणण्याचे कारण नाही. सातपूरच्या साहेबांचा हिशेब मात्र मला खोडता येत नाही, आणि तो खोडता येत नाही याचा रागही येतो. तेव्हा एवढ्यापुरते लिहितो: तळमजल्यावर झोपायची वेगळी खोली आणि तिला लागून अंघोळीची सोय असेल, तरच गुडघे गेलेल्या माणसासाठी रो हाऊस घ्यावे. या घरात ती नाही. पण म्हणून फ्लॅट चांगला ठरतो, हे मी मान्य करणार नाही. आनंदवलीकर ताई, त्या सासूबाई दिवसभर बोलणार कोणाशी, याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.

आनंदवलीकर

देते. फ्लॅट पाहायला संध्याकाळी पाचनंतर जावे आणि सासूबाईंना सोबत न्यावे. इमारतीच्या आवारात बाके आहेत का, त्यांवर त्यांच्या वयाच्या बायका बसतात का, लिफ्टपासून त्या बाकांपर्यंत पायरी आहे की उतार आहे, आणि वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, हे त्यांच्या देखत पाहावे. आपल्या आईंना लिफ्टची धास्ती वाटत होती, तर पहिले काही दिवस कोणीतरी त्यांच्याबरोबर रोज खाली-वर जायला हवे होते. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण आपण विचारले म्हणून लिहिले. बाके रिकामी दिसली, तर तो फ्लॅट घेऊ नये असे मीच सांगेन.

म्हसरूळकर

भाऊ आणि वहिनी दोघेही नोकरीला जात. घरी कोण होते रोज खाली न्यायला? दुसऱ्याच्या घराबद्दल बोलणे सोपे असते.

निफाडची लेक

म्हसरूळकर काका, आनंदवलीकर ताई, माझ्या प्रश्नावरून एकमेकांची मने दुखावू नका. दोन्ही घरे सासूबाईंना दाखवायची हे आम्ही ठरवले आहे. आता एक नवीनच गोष्ट पुढे आली आहे. रो हाऊस विकणारे गृहस्थ म्हणतात की पुढच्या गाडी लावायच्या जागेत ते स्वखर्चाने एक खोली आणि न्हाणीघर काढून देतील, म्हणजे सासूबाईंची खाली सोय होईल. मिस्टरांना हे पटले आहे. काय करावे?

दस्त आणि दाखले

मंजूर नकाशात ती खोली दाखवलेली आहे का, हे विचारा. पुढचे सामासिक अंतर, म्हणजे घर आणि प्लॉटची हद्द यांमधली जागा, मोकळे सोडायचे असते, आणि मंजुरीशिवाय तेथे बांधलेली खोली अनधिकृत ठरते. ती पाडण्याची नोटीस विकणाऱ्याला येणार नाही, आपल्याला येईल. गृहकर्ज घेणार असाल तर बँकेचा मूल्यांकनकारही हीच गोष्ट आधी पकडेल. सुधारित नकाशा मंजूर करून द्या आणि मगच विसार घ्या, असे त्यांना लेखी कळवा.

स्थापत्य, सातपूर

शिवाय बैठकीच्या खोलीची एकमेव खिडकी त्याच जागेकडे उघडते. तेथे खोली आली की बैठकीची खोली पूर्ण अंधारी होईल.

म्हसरूळकर

त्या खोलीच्या भरवशावर घर घेऊ नका. मात्र त्याच ओळीतले कडेचे रो हाऊस विकायला असेल तर चौकशी करा. त्याला तिसऱ्या बाजूनेही उजेड असतो, आणि काही ठिकाणी तळमजल्यावर एक लहान खोली मुळातच नकाशात असते. मी या भागात राहतो. उद्या स्वतः जाऊन विचारून येतो आणि येथे लिहितो.