मदत हवी आहे: 'ट्रॉमा'ला मुलांना कळेल असा मराठी शब्द?

वाचनालयात नववी-दहावीच्या मुलांसोबत अमेरिकन गायिका बिली आयलिशचा 'हॅपिअर दॅन एव्हर' (2021) हा अल्बम ऐकणार आहोत. प्रसिद्धी, शरीरावरून होणारी शेरेबाजी, मनाची ओढाताण, सगळं त्यात आहे. ओळींचा मराठी भावार्थ छापून देतेय आणि पहिल्याच गाण्यात, 'गेटिंग ओल्डर'मध्ये, अडलेय. 19 वर्षांची मुलगी अगदी हलक्या आवाजात सांगते, की जे हौसेनं करायचे ते आता पोटापाण्याचं काम झालंय. पुढे 'ट्रॉमा' येतो.

'आघात' पुस्तकी वाटतो. 'धक्का' क्षणाचा, हे तर आत साचून राहिलेलं. 'ट्रॉमा' तसाच ठेवला, तर एका आईनं विचारलं, "अपघात झाला होता का तिला?" हायवेवर ट्रॉमा केअर सेंटरच्या पाट्या असतात ना! 'मनावरची जखम' जवळचं आहे, पण भावगीतासारखं वाटतं.

पालकही असतील. तळटीप नको, दोन-तीन शब्दांतच बसायला हवं. शीर्षकगीताचा उत्तरार्ध शिव्यांमुळे वगळलाय (फार जिवावर आलं, गिटार तिथेच कडाडते), त्यामुळे सगळा भार याच गाण्यावर आहे.

समुपदेशक आणि शिक्षक मंडळी, या वयाच्या मुलांशी बोलताना तुमच्या तोंडी प्रत्यक्षात कोणता शब्द येतो?