आयएसएल अडली: पैसा कमी पडला की पायाच चुकला?

मडगावकर (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५ संपत आला तरी इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) यंदाचा एकही सामना झालेला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएमजी-रिलायन्स यांच्यातला २०१० चा करार होता पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा; पुढे तो लीग चालवणाऱ्या रिलायन्सच्या एफएसडीएल या कंपनीकडे आला. तो ८ डिसेंबरला संपला. पुढचं काहीच ठरत नाही म्हणून एफएसडीएलने जुलैतच हंगाम थांबवला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे पगार रोखले, चेन्नईयनने मुख्य संघाचं कामकाज बंद केलं. मग महासंघाने निविदा काढली: वर्षाला किमान ३७.५ कोटी, किंवा उत्पन्नाच्या ५ टक्के. चौकशा झाल्या, पण नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा बोली एकाचीही नव्हती. आता तर मँचेस्टर सिटीचा मालक असलेला सिटी फुटबॉल ग्रुपही मुंबई सिटीतून बाहेर पडला आहे.

सगळीकडे एकच ऐकतोय: भारतात फुटबॉलला पैसा नाही. मला हे पटत नाही. अकरा हंगाम पैसा ओतला गेला, पण ज्या पायावर ओतला तोच चुकीचा होता. क्लबांनी दरवर्षी फ्रँचायझी फी भरायची, परदेशी खेळाडू आणायचे, सरकारी स्टेडियम भाड्याने घ्यायचं, आणि एवढं करून लीगची मालकी दुसऱ्याचीच. मैदान आपलं नाही, लीग आपली नाही. मग तोटा सोसून क्लबच्या हाती उरतं काय?

आणि यासाठी आम्ही गोव्यात काय गमावलं तेही सांगतो. राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून धेंपो क्लबची पाच विजेतेपदं, साळगावकरची दोन, चर्चिल ब्रदर्सची दोन. धेंपो २०१५ मध्ये खालच्या विभागात घसरला, २०१६ मध्ये तो विभाग जिंकून हक्काने परत वर आला. त्याच वर्षी महासंघाने आराखडा मांडला की आयएसएल ही पहिली लीग आणि आय-लीग दुय्यम. मैदानावर जिंकून वरच्या लीगमध्ये जायचा रस्ताच नाही म्हटल्यावर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा देश जिंकलेल्या क्लबला जिथे जागा नाही, त्या लीगला मी राष्ट्रीय लीग म्हणणार नाही.

माझं म्हणणं: लीग क्लबांच्या मालकीची हवी आणि दार खालून उघडं हवं. यावर मतं हवी आहेत, विरोधातली आधी.

ताळेबंद

विरोधातलं मत देतो. भावना समजते, पण आकडे तुमच्या बाजूने नाहीत.

बंद लीग हा दोष असता तर आयपीएल कधीच बुडली असती. तिथेही कुणी खालून वर येत नाही, कुणी घसरत नाही. तरी २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. सामने ४१०, म्हणजे सामन्यामागे ११८ कोटी. आयएसएलसाठी महासंघ अख्ख्या वर्षाची जी किमान हमी मागत होता, ती आयपीएलच्या एका सामन्याच्या एक तृतीयांशही नाही, आणि तेवढ्यालाही कुणी हात लावला नाही. प्रश्न दाराचा नाही, गिऱ्हाईकाचा आहे.

शिवाय आयएसएलचे हक्क खुल्या बाजारात खऱ्या अर्थाने कधी विकलेच गेले नाहीत. आधी स्टार हाच लीगच्या मालकांपैकी एक, नंतर हक्क गेले व्हायाकॉम१८ कडे, म्हणजे रिलायन्सच्याच गोटात. विकणारा आणि विकत घेणारा एकाच घरातले असले की खरा भाव कळत नाही. तो भाव पहिल्यांदा या नोव्हेंबरात कळला: शून्य.

जुन्या क्लबांचं म्हणाल तर तेही धंदा करत नव्हते. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता जेसीटी २०११ मध्ये बंद. तेव्हा आयएसएल जन्मालाही आली नव्हती. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार व्यावसायिक क्लब झाले, आज एकही नाही. त्यातले तीन तुमच्या लाडक्या आय-लीगमधले होते. आणि गोव्याचा फुटबॉल खाणमालकांच्या पैशावर चालत होता हे तुम्ही लिहायला हवं होतं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा तो पैसा आटणारच होता.

मडगावकर

खाणींचा मुद्दा रास्त आहे, पण अर्धा. धेंपो घराण्याने खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता. त्यानंतरही धेंपो २०१२ मध्ये आय-लीग जिंकला आणि २०१६ पर्यंत खेळत राहिला. पैसा आटल्याने गेला असता तर त्याआधीच गेला असता. आणि एफसी गोवा सुरू झाला तेव्हा त्याचे मालक कोण होते? धेंपो, साळगावकर आणि व्हिडिओकॉन. म्हणजे घराण्यांकडे फुटबॉलवर खर्च करायची तयारी होती. तो खर्च वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या क्लबांवर व्हायचा, तो नव्या नावावर वळवावा लागला, कारण टीव्हीवर दिसायचं तर दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

एफसी गोवावर माझा राग नाही, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मी त्यांच्यासाठीही ओरडतो. पण धेंपो २०२४ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आला, तेव्हा ती बातमी किती जणांपर्यंत पोचली?

पेठवाला

कोल्हापुरातून लिहितोय. ताळेबंद साहेब, गिऱ्हाईक नाही म्हणता, एकदा शाहू स्टेडियमला या की. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की दुपारपासनं पायऱ्या भरायला लागतात. तिकीट काढून माणूस उन्हात बसतो. पेठेतली दुकानं लवकर बंद होत्यात. खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल, एकेका तालमीमागं तीन-तीन पिढ्या हाईत. आमच्यात टीम विकत घेता येत नाही आणि विकताही येत नाही, ती पेठेची असते. मालक शहर सोडून गेला म्हणून संघ बंद पडला, असं आमच्याकडं व्हायचं नाही.

ह्याच गावातला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला. त्या वर्ल्डकपच्या पैशातला एक रुपया तरी खाली तालमींपर्यंत आला का, कुणी सांगावं.

ताळेबंद

पेठवाला, कोल्हापूरच्या प्रेमाबद्दल शंकाच नाही. महाराष्ट्रात तिकिटावर चालणारा फुटबॉल तेवढा एकच. पण त्या हंगामाचा खर्च नुसता तिकिटावर निघतो का? बक्षिसांची रक्कम कोण देतं? बहुतेक वेळा स्थानिक नेते. बाहेरून, परदेशातूनही खेळाडू आणायचे पैसे कुठून येतात? तेही देणगीतूनच. निवडणुकीचं वर्ष असलं की स्पर्धा मोठ्या होतात. हासुद्धा आश्रयच आहे, फक्त उद्योगपतीऐवजी नेत्याचा.

पेठवाला

नेत्यांचं खरं आहे, नाकारत नाही. परदेशी खेळाडूवर जेवढं जातं त्यातलं निम्मं जरी पोरांच्या कोचवर गेलं असतं तर आज चित्र वेगळं असतं, हे आम्ही आपसातही बोलतो. पण एक फरक बघा. नेता बदलला तरी तालीम राहती. पुण्याचे चार क्लब गेले, तर पुण्यात रस्त्यावर कोण उतरलं?

निळी_गॅलरी

मुंबई सिटीचा पाठीराखा आहे. २०१९ मध्ये सिटी ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, पुढच्याच हंगामात शिल्ड (साखळीत पहिल्या क्रमांकाची) आणि अंतिम सामन्याचा चषक दोन्ही आले. आम्हाला वाटलं आता निदान या क्लबची चिंता मिटली. जगातल्या सर्वांत श्रीमंत फुटबॉल समूहालाही इथे पुढचं वर्ष दिसत नसेल तर तालीम, पेठ, घराणं या सगळ्या चर्चेला अर्थ काय? ते तोट्यामुळे गेले नाहीत. तोटा त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता. ते गेले कारण लीग कधी, कुणाची, किती वर्षांची, हे सांगणाराच कुणी नव्हता.

ऱ्हाइनकाठी

जर्मनीत बारा-पंधरा वर्षं आहे. इथली ५०+१ पद्धत अशा चर्चेत नेहमी येते, तेव्हा तिच्याबद्दल नीट लिहितो. १९९८ पासून इथे क्लबांना कंपनी करता येते, पण मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहावं लागतं. लेव्हरकुसन आणि वोल्फ्सबुर्ग हे अपवाद, कारण ते मुळात कारखान्यांचेच क्लब. २०२३ च्या डिसेंबरात लीगने प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला हिस्सा खासगी गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं. पाठीराख्यांनी सामन्यामागून सामन्यात मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून खेळ थांबवला. फेब्रुवारीत लीगने तो बेत गुंडाळला.

पण मडगावकर, सभासदांची मालकी असली म्हणजे क्लब सुरक्षित, असं समजू नका. डॉर्टमुंड २००० मध्ये शेअर बाजारात उतरला, खेळाडूंवर बेसुमार खर्च केला आणि २००५ मध्ये दिवाळखोरीच्या दारात होता. स्टेडियमसुद्धा विकून बसला होता. त्या काळात बायर्नने त्यांना २० लाख युरो उसने दिले होते. सभासद तेव्हाही होतेच.

इथे क्लब वाचतात ते परवान्यामुळे. दर हंगामाआधी प्रत्येक क्लबला लीगसमोर हिशेब ठेवावा लागतो: वर्षभराचे पगार, कर, देणी भागवायला रोकड आहे की नाही. नसेल तर अटी, त्याही पाळल्या नाहीत तर परवाना नाही, मग नाव कितीही मोठं असो. भारतातही क्लब परवाना आहे, आशियाई महासंघाच्या नियमाने. पण तिथे सूट किती सहज मिळते ते सगळ्यांनी पाहिलंय.

ताळेबंद

याला पूर्ण पाठिंबा. मडगावकर उघड्या दाराबद्दल बोलतात, तर मोहम्मडन स्पोर्टिंग बघा. १८९१ चा क्लब, आय-लीग जिंकून २०२४ मध्ये वर आला. गुंतवणूकदारांशी वाद झाले, पगार थकले, खेळाडूंनी सराव बंद केला. दार उघडं होतं, आत येऊन काय झालं? आणि दुसऱ्या पातळीवरचं बोलायचं तर २०२४-२५ च्या आय-लीगचा विजेता चर्चिल की इंटर काशी हे ठरायला जुलै उजाडला, तेही स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात. ज्या स्पर्धेचा निकाल हंगामानंतर कित्येक आठवडे कोर्टात पडून असतो, तिच्या जाहिराती कोण घेणार?

मैदानापलीकडे

सगळे क्लब आणि लीगबद्दल बोलताहेत, खेळाडूबद्दल थोडं लिहू द्या. माझा पुतण्या एका क्लबात बचावपटू आहे, नाव लिहीत नाही. करार दोन वर्षांचा, पण हंगाम नाही म्हटल्यावर पगार थांबला. करार चालू असल्याने दुसरीकडे सही करता येत नाही, आणि केली असती तरी दुसरीकडे लीग कुठे आहे? घराचा हप्ता चालू आहे. सकाळी एकटाच पळायला जातो, दुपारी शाळेच्या मैदानावर मुलांना शिकवतो, त्याचे थोडेफार मिळतात. वय २७. पायात अजून चार-पाच चांगली वर्षं आहेत, त्यातलं एक असं चाललंय. आयपीएलमध्ये बाकावर बसणाऱ्यालाही किमान रक्कम ठरलेली असते. यांच्यासाठी पगाराची हमी कोण घेणार, एवढंच मला या चर्चेतून कळून घ्यायचं आहे.

मडगावकर

मैदानापलीकडे, तुमच्या प्रश्नापासूनच सुरुवात करायला हवी होती, बरोबर आहे.

ऱ्हाइनकाठी आणि ताळेबंद यांचं वाचून माझी मागणी नेमकी करतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक क्लबने निदान सहा महिन्यांच्या पगाराची बँक हमी लीगकडे ठेवायची. नसेल तर खेळायचं नाही, मग तो मोहन बागान असो की धेंपो. पगारावरचा खर्च क्लबच्या उत्पन्नाला बांधायचा. आजची वेतनमर्यादा सर्वांना सारखी आहे, आणि ज्याचं उत्पन्न तिच्या निम्मंही नाही तोसुद्धा तेवढाच खर्च करतो, मग मालकाच्या खिशातून भर पडते. वर-खाली जाण्याचा नियम मात्र मी सोडणार नाही. २०१९ च्या क्वालालंपूरच्या आराखड्यात तो लिहून दिलेला आहे: २०२४-२५ पासून आयएसएलमधूनही खाली जाणं. वर येणं सुरू झालं, खाली जाणं कुणी होऊ दिलं नाही.

आता क्लबांनीच लीग चालवायचा प्रस्ताव महासंघाकडे दिला आहे. प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब हेच भागधारक असतात, तसंच काहीसं. मी याच्या बाजूने आहे.

ताळेबंद

बँक हमी मान्य, उत्पन्नाशी बांधलेला पगारही मान्य. क्लबांच्या मालकीबद्दल माझी भीती वेगळी आहे. उद्या लीगचे मालक तेच चौदा क्लब असतील, तर स्वतःला खाली ढकलणाऱ्या नियमाला मत कोण देईल? तुमच्या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात.

मडगावकर

म्हणूनच वर-खाली जाण्याचा नियम क्लबांच्या मतावर सोडायचा नाही, तो महासंघाच्या घटनेत हवा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात नव्या घटनेला मान्यता दिली आहे. लीगचा करार क्लबांशी होईल तेव्हा त्यात हे कलम पहिलं असावं, आणि ते मोडलं तर चालवायचा हक्क जावा.

पेठवाला

अन् दुसरं कलम असं टाका की ज्या तालमीत, ज्या क्लबात पोरगं घडलं, त्यांना त्याच्या प्रत्येक बदलीतनं वाटा मिळाला पाहिजे. फिफानं परदेशी बदल्यांसाठी पाच टक्के ठेवलेत, बारा ते तेवीस वयातल्या सगळ्या क्लबांना. देशातल्या देशातही तसंच ठेवा. मग आम्हीपण परदेशी खेळाडूपेक्षा कोचवर खर्च करू, ते पेठेला पटवून द्यायचं काम आमचं.