प्रति: सीटीत श्वासनळ्या जाड नाहीत, मग सीओपीडी कसा?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की सीटीत (छातीच्या सीटी स्कॅनमध्ये) श्वासनळ्यांच्या भिंती जाड दिसल्या नाहीत, म्हणजे सीओपीडी (मुख्यतः धुरामुळे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) नाही. हे अजिबात पटलं नाही. साध्या सीटीत साधारण 2 मिमीपेक्षा बारीक नळ्या नीट मोजताच येत नाहीत, आणि सीओपीडीत अडथळा मुख्यतः तिथेच असतो. स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून करायची श्वासाची तपासणी) करून घ्याच.

सीटी काढताना श्वास कसा घ्यायचा याबद्दल मात्र इथे कुणीच लिहिलं नाही. आमची आई जुन्नरकडची, बिडीला कधी शिवली नाही, पण सगळा जन्म चुलीच्या धुरात गेला. पुण्यात तिचा सीटी काढताना तंत्रज्ञाने आधी टेबलावर झोपवून "पूर्ण श्वास घ्या आजी, धरून ठेवा" याचा सराव करून घेतला, मगच मशीन चालू केलं. श्वास अर्धवट राहिला तर नळीची पोकळी लहान दिसते आणि माप चुकतं. जुन्या सीटीशी तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा मशीन आणि सेटिंग सारखंच होतं का, हेही विचारा.