नेपियर गवताच्या मुरघासात गूळ, जिवाणूंचं कल्चर घालावं की नाही?

मोहोळ गोठा:
मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, याबद्दल आपल्या गटात एकानं लिहिलं, "मक्याला लागत नाही तर गवताला कशाला? दाबून भरा, आपोआप मुरतं." मला हे अजिबात पटत नाही. दाणा चिकात आलेल्या मक्यात साखर भरपूर असते, आंबवणारे जिवाणू तिच्यावरच जगतात. नेपियर घ्या, त्याचंच संकरित वाण फुले जयवंत घ्या, साखर कमी आणि पाणी 80 टक्क्यांच्या आसपास. आम्ल पुरेसं होत नाही, सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) 4.2 पर्यंत उतरत नाही आणि बॅग उघडली की कुबट वासाचा बुळबुळीत चारा हाती येतो. टनाला 20 किलो गूळ किंवा 30 किलो मोलॅसिस (साखर कारखान्याची मळी) घाला. जिल्ह्यात कारखाने ढीगभर, पण मोलॅसिस परवान्याच्या भानगडीत अडकतं, म्हणून मी गूळच सांगतो.

मंगळवेढा शेती:
दादा, माझा विरोध आहे. ओल्या गवतावर गूळ ओतला तर तो रसाबरोबर खड्ड्याच्या तळाला जातो. पैसे मातीत. 50-60 दिवसांचं गवत कापा, उन्हात पसरा, ओल 70 टक्क्यांवर आणा. सोलापूरचं ऊन फुकट आहे. कुट्टी मुठीत आवळून बघा: पाणी गळलं तर थांबा. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर राहिला, तर भरा.

अकलूज डेअरी:
भाऊ, पसरायला माणसं कोण देणार? पानं कुरकुरीत होतात, खोड आतून ओलंच राहतं. आणि कापणीला येतं नेमकं पावसाळ्यात. मी बाई एकटी गोठा बघते, माझा उपाय वेगळा. 80 टक्के ओलीच्या एक टन गवतात 150 किलो कडबा कुट्टी मिसळली की ओल 71 टक्क्यांपर्यंत उतरते. वर गूळ शिंपडायचा, मग तो वाहून जात नाही.

मंगळवेढा शेती:
ताई, मालदांडी ज्वारीचा कडबा गवतात घालायचा? दुष्काळात तोच कडबा सोन्याच्या भावानं शोधत फिरलोय आपण.

अकलूज डेअरी:
तो हरवतो कुठं? गाईच खातात. उलट वाहून जाणारा रस तो धरून ठेवतो, आणि पोषण त्या रसातच असतं. कडबा द्यायचा नसेल तर मक्याचा भरडा घाला, त्यात पिष्टही मिळतं.

सांगोला तरुण:
आमच्याकडच्या एका दुकानदारानं युरिया आणि कल्चर दोन्ही दिलं, म्हणाला प्रथिनं वाढतील.

पंढरपूर पशुवैद्यक:
गवताच्या मुरघासात युरिया घालू नका. त्याचा अमोनिया होतो, सामू वर ढकलतो. गवताचा सामू मुळातच उतरायला तयार नसतो. कल्चर चांगलं, पण ते म्हणजे फक्त जिवाणू. साखर नसेल तर ते उपाशीच. म्हणून आधी ओल, मग गूळ, मग कल्चर. क्लोरीनच्या पाण्यात कल्चर कालवू नका, जिवाणू मरतात. आणि बिघडलेला मुरघास दूध काढायच्या आधी घातला तर त्याचा वास दुधात उतरतो.

मंगळवेढा शेती:
डॉक्टरसाहेब, पावसाळ्यात गूळ मान्य. पण जानेवारीत गवत नीट सुकवून भरलं, तरी टनाला 20 किलो गूळ? ते मी देणार नाही.

मोहोळ गोठा:
सुकवल्यानं पाणी गेलं, साखर वाढली का? ती तेवढीच राहिली. तुमची जानेवारीची एक बॅग गुळासह आणि एक बिनगुळाची भरा, 45 दिवसांनी दोन्हींचा सामू पट्टीवर बघून इथं टाका.